आमच्या विहिरीवर सरकारी नंबर आहे. बुजवावी का?

वरुडचा धाकटा

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. साडेसहा एकर वावर, त्यातली चार एकर संत्रा. वावरात आजोबांनी खोदलेली विहीर आहे, 42 फूट. वरून पंधरा फूट दगडी बांधकाम, खाली नुसता पाषाण. कठड्यावर पिवळ्या रंगात एक नंबर आणि एक बाण रंगवलेला आहे. ही सरकारची निरीक्षण विहीर. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असा वर्षातून चारदा माणूस येतो, टेप सोडतो, वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या गावाला जातो. माझ्या जन्माआधीपासून हे चालू आहे.

आता अडचण अशी, की विहिरीला पाणी उरलं नाही. फेब्रुवारीतच तळ दिसतो. बाग दोन बोअरवर आहे, एक साडेसहाशे फुटांची (ती गेल्या वर्षी आटली) आणि एक आठशे वीस. मोठे दादा म्हणतात विहीर बुजवून टाकू. त्यांचं म्हणणं उगाच नाही. मागच्या महिन्यात शेजाऱ्याचा गोऱ्हा आत पडला. सहा माणसं आणि एक ट्रॅक्टर लागला काढायला, आणि पुढचा पाय मोडला तो मोडलाच. दादांची दोन लहान मुलं दिवसभर वावरात असतात. "कोरड्या हिरीले काय पुजाचं हाय का?" असं ते परवा जेवताना बोलले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पण एक गोष्ट मला बुजवू देत नाही. मोटारघराला सागाच्या फळ्यांचं दार आहे. बाबा त्या माणसाला दर वेळी आकडा विचारायचे आणि दाराच्या आतल्या बाजूनं सुताराच्या जाड पेन्सिलनं लिहून ठेवायचे. 1979 च्या मेपासून. एका वर्षाची एक ओळ, ओळीत चार आकडे, मीटरमध्ये. बाबा मीटर कधी बोलायचे नाहीत, त्यांचं सगळं हातात आणि फुटांत चालायचं, पण दारावर मात्र मीटरच. 1986 च्या मेचा रकाना रिकामा आहे आणि त्यात "शोभाचं लग्न" असं लिहिलंय. बाबा गेले त्या वर्षीचा ऑक्टोबरचा आकडा माझ्या अक्षरात आहे. खालच्या दोन फळ्या ओलीनं काळ्या पडल्यात, पण वाचता येतं.

विहीर बुजवली तर मोटारघरही पाडायचं, असं ठरतंय. म्हणून विचारतो. सरकारकडे हे आकडे असतीलच ना? पाणी नसलेली विहीर मोजून त्यांना काय कळतं? बुजवायला कोणाची परवानगी लागते का? आणि दादा तिसरा बोअर म्हणतायत, हजार फुटांचा. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावं.

मोर्शी रोड

आमच्या काकांच्या वावरातली अशीच विहीर होती. सहा-सात वर्षांपूर्वी बुजवली. नंबर पलीकडच्या धुऱ्याजवळच्या विहिरीवर गेला. कोणी काही बोललं नाही. लेकरांचा जीव मोठा. दाराचे फोटो काढून ठेवा म्हणजे झालं.

जुना टेपवाला

भाऊ, बुजवू नका. आधी हे सांगून टाकतो, मग कारण सांगतो. थोडं लांबेल, पण अठ्ठावीस वर्षं अमरावती, अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत मी विहिरीच मोजल्या. तुमचं दाराचं वाचून दुपारी झोप लागली नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 ची. केंद्राचं भूजल मंडळ 1970 चं, त्याचं एक विभागीय कार्यालय आपल्या नागपुरात आहे. दोघांच्याही गावोगावी निरीक्षण विहिरी आहेत. तुम्ही सांगितलेले चार महिने यंत्रणेचे. त्यात मे आणि ऑक्टोबर सगळ्यात महत्त्वाचे. मे म्हणजे पाणी सगळ्यात खाली गेलेलं, ऑक्टोबर म्हणजे पावसानं जेवढं चढायचं तेवढं चढलेलं. या दोघांमधला फरक म्हणजे त्या वर्षी जमिनीनं किती पाणी घेतलं त्याची खूण.

मोजणं दिसायला सोपं आहे. टेपच्या टोकाला वजन असतं. बाणाच्या खुणेवर टेप धरायची आणि सोडत जायची. वजन पाण्याला टेकलं की हाताला कळतं, कानालाही. मग दोन बोटं वर उचलायचं, परत टेकवायचं, तोच आकडा आला तर लिहायचा. मोटार चालू असली तर मोजायचं नाही, बंद करून पाणी स्थिर होईपर्यंत बांधावर बसायचं. मी तुमच्या भागातल्या किती वावरांत असा दीड-दीड तास बसलोय आणि किती घरचा चहा प्यालोय, त्याचा हिशेब नाही. आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, कारण वहीत जमिनीपासूनची खोली जाते.

आता त्या आकड्याचं होतं काय? तुमच्याच एका एकराचा हिशेब करू. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. पावसाळ्यात विहिरीचं पाणी 5 मीटर चढलं समजा. हे 5 मीटर नुसत्या पाण्याचे नव्हेत, खडकाचे आहेत. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायची आणि सोडायची जागा शंभरात एक ते तीन भाग. दोन धरा. 4,047 गुणिले 5 गुणिले 0.02, झाले सुमारे 405 घनमीटर, म्हणजे 4 लाख 5 हजार लिटर. अठरा बाय अठरा फुटांवर एकरात संत्र्याची 134 झाडं बसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला शंभर लिटर धरलं तर रोजचे 13,400 लिटर झाले. त्या एकरानं वर्षभरासाठी साठवलेलं पाणी तीस दिवसांत संपलं.

असाच हिशेब तालुकाभर होतो. जमिनीत मुरलेल्या, वापरता येण्याजोग्या पाण्यातलं किती उपसलं, ते टक्क्यांत मांडतात. 70 च्या आत सुरक्षित, 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित, त्याच्यावर अतिशोषित. वरुड तालुका वर्षानुवर्षं अतिशोषितांच्या यादीत आहे. लोक डार्क झोन म्हणतात तो हाच. ती यादी मुंबईत बसून कोणी ठरवत नाही. ती तुमच्या कठड्यावरच्या बाणापासून सुरू होते.

आता "पाणी नसलेली विहीर कशाला" याचं उत्तर. आम्ही कोरड्या विहिरीचा रकाना रिकामा ठेवत नाही, तिथं "कोरडी" लिहितो. रिकाम्या रकान्याचा अर्थ कोणी गेलंच नाही. "कोरडी"चा अर्थ पाणी 42 फुटांच्याही खाली गेलं. दोन्हींत फार फरक आहे.

आणि मोर्शी रोडवाल्या भावाला मनापासून सांगतो, नंबर पलीकडे नेता येतो, ओळ नेता येत नाही. आपला दगड लाव्हाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. एकेका थराचा माथा भोकाभोकांचा, त्यात पाणी राहतं, पोट एकदम घट्ट. मधे कुठं तांबड्या मातीचा पातळ पट्टा. भेगा कुठं असतील ते वरून दिसत नाही. म्हणून धुऱ्याच्या अलीकडची विहीर आठ तास चालते आणि पलीकडची दोन तासांत बसते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नव्या विहिरीचा आकडा खरा असतो, पण जुन्या ओळीला तो जोडता येत नाही. तिथून पुन्हा एकपासून सुरुवात. बोअर तर आणखी वेगळा. विहीर वरच्या मुरमातलं आणि पहिल्या थरातलं पाणी सांगते, दर पावसाला भरतं ते. आठशे फुटांचा बोअर खालच्या थरांतलं सांगतो. ते पाणी तिथं पोचायला किती पावसाळे लागले असतील, याचा विचार करा.

तुमच्या दारावर चाळीसहून जास्त वर्षांची एकाच विहिरीची, एकाच बाणावरून घेतलेली ओळ आहे. पैसे देऊन ती आज कोणाला नव्यानं करता येणार नाही.

पूर्णाकाठ

काका, तुमच्या कष्टाला नमस्कार. पण मला राग येतो तो सांगतोच. मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातला. आमच्याकडं उलटी गत आहे. पाणी आहे, पण तोंडात घेववत नाही. पूर्णेच्या गाळाचा थर खोल, त्यातलं पाणी खारं, आणि जितकं खोल जावं तितकं जास्त खारं. ते पाणी पिकाला दिलं की दोन वर्षांत जमीन चोपण होते, पाऊस पडला की चिकट आणि उन्हात दगड. आमच्याही गावातून बाटल्या भरून नेतात, क्षार मोजतात, कागद येतो. माझ्या आजोबांच्या वेळेपासून कागद येतोय. पाणी तेच आहे. आता आम्ही शेततळं केलंय, पावसाचं गोडं पाणी धरतो आणि हरभऱ्याला एक-दोन ओलीत देतो. मोजणाऱ्यांनी चाळीस वर्षं मोजलं, मग उपाय कोणी करायचा?

जुना टेपवाला

पूर्णाकाठ, तुमचा राग मी तुमच्याच भागात ओट्यांवर बसून ऐकलाय, आणि मला तो कधी चुकीचा वाटला नाही. मोजणारा हात आणि उपाय करणारा हात एक नसतो, आणि मधे बराच वेळ जातो. पण तुमच्याकडं बोअर करू नका, वरचं पावसाचं पाणी धरा, हे त्या बाटल्यांमुळंच ठामपणे सांगता आलं. यवतमाळ जिल्ह्यात कितीक हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, तेही बाटलीतूनच. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. पोरांचे दात पिवळे पडेपर्यंत कोणाला संशय आला नसता.

वरुडच्या भावाच्या तिसऱ्या बोअरबद्दल राहिलंच. राज्याचा भूजल अधिनियम 2009 चा, लागू झाला 2014 मध्ये. त्यात 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेलेली विंधण विहीर (म्हणजे बोअर) ही खोल विहीर धरली आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात तशी खोल विहीर घ्यायला मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आतही बंधन आहे. गाडीवाला हे सांगणार नाही, तो फुटाचा भाव सांगेल. दादांना म्हणावं, हजार फुटांचा खर्च काढा, आणि साडेसहाशेचा बोअर किती वर्षं चालला ते त्याच्या शेजारी लिहा.

धारणीची वनरक्षक

मी पाण्यातली नाही, जंगलातली आहे. पण टेपवाल्या काकांचं ओळीबद्दलचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. दर चार वर्षांनी देशभर वाघांचा अंदाज घेतात, आत्ताच्या पद्धतीनं 2006 पासून. त्यात आम्हाला दोन किलोमीटरची सरळ रेष चालायची असते, पहाटे, आवाज न करता. सांबर दिसलं, नीलगाय दिसली की किती, किती अंतरावर, कोणत्या कोनात ते लिहायचं. माझ्या बीटमधल्या रेषेवर एक नाला आणि एक चढ असा आहे की पावसाळ्यानंतर गुडघे फुटतात. पहिल्या वेळी मी साहेबांना म्हटलं, थोडी बाजूनं चालू का. ते म्हणाले, तू बाजूनं चाललीस तर ते दुसरं जंगल झालं. तेव्हा मला पटलं नव्हतं.

मेळघाट 1973 च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. इतक्या वर्षांत माझ्यासारखे किती जण त्याच वाटांनी चालले असतील. तुमच्या बाबांनी हे घरच्या दारावर केलं, कोणी सांगितलं नसताना. त्यांना माझा नमस्कार पोचवता आला असता तर बरं झालं असतं.

वरुडचा धाकटा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी दादांना मोटारघरात नेलं आणि मोबाईलच्या उजेडात दार वाचलं, पूर्ण. दादा पेन्सिलीवर बोट फिरवत होते. काही आकडे देतो, टेपवाल्या काकांनी पाहावे.

1979: मे 7.90, ऑक्टोबर 2.15.
1991: मे 9.10, ऑक्टोबर 2.60.
1998: मे 10.75, ऑक्टोबर 3.95.
2004: मे कोरडी. बाबांनी हा शब्द दोनदा गिरवलाय. ऑक्टोबर 5.80.
त्यानंतर मेचा आकडा चारच वेळा आहे. गेल्या ऑक्टोबरचा 7.40.

आणि एक गोष्ट आम्हाला कालच दिसली. 1994 च्या ओळीपुढं बारीक अक्षरात लिहिलंय: "दिवाळीत कठडा दीड फूट वाढवला." मी तेव्हा शाळेत होतो. माझा चुलतभाऊ कठड्यावरून वाकून पाहत होता म्हणून वाढवला, एवढंच आठवतं. याचा काही उपयोग आहे का?

जुना टेपवाला

भाऊ, उपयोग म्हणजे? ही त्या दारावरची सगळ्यात मोलाची ओळ असू शकते. टेप कठड्याच्या वरच्या काठावरून मोजते आणि कठड्याची उंची वजा होते, हे मी वर सांगितलं. कठडा दीड फूट वाढला आणि वजाबाकी मात्र जुन्याच उंचीची राहिली, तर पुढचा प्रत्येक आकडा 0.46 मीटर जास्त खोल दिसेल. पाणी हललेलं नसताना अर्धा मीटर खाली गेलं असा निकाल निघेल. वजाबाकी त्याच वेळी बदलली असेल तर उत्तमच. दाराचे आकडे आणि कार्यालयातले आकडे शेजारी ठेवले की एका बैठकीत कळेल. 94 च्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन ऑक्टोबर घ्या.

दुसरं, मेपेक्षा तुमच्या ऑक्टोबरकडं मी जास्त वेळ पाहत बसलो. मे खाली जाणं म्हणजे उन्हाळ्यात उपसा झाला, ते समजू शकतो. पण ऑक्टोबर 2.15 वरून 7.40 वर आला. कठड्याचा अर्धा मीटर सोडून दिला तरी पावणेपाच मीटर. म्हणजे पाऊस पडूनही रांजण भरत नाही, कारण जून लागतो तेव्हाच तो पूर्ण रिता असतो. हे तुमच्या एकट्याच्या बोअरमुळं झालं नाही, आणि एकट्यानं मागंही फिरणार नाही. तुमचा तालुका मोर्शी आणि चांदूर बाजारबरोबर अटल भूजल योजनेत होता. तेव्हा ग्रामपंचायतीत पाण्याचा ताळेबंद मांडला असेल, तो काढा आणि ग्रामसभेत हे दार ठेवा. फोटो नव्हे, दारच न्या.

परवानगीचं विचारलंत. विहीर तुमची, वावर तुमचं. पण निरीक्षण विहिरीला हात लावण्याआधी अमरावतीला जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावानं अर्ज द्या, नंबरासकट. त्याच अर्जात विहिरीच्या जुन्या पातळ्यांची प्रत मागा. दाराच्या फोटोंचा एक संच जोडा, आणि कठड्याची ती ओळ वेगळी, जवळून काढलेली.

वरुडचा धाकटा

अर्ज आज पोस्टात टाकला, पोच मागवलीय. विहीर ठेवायचं ठरलं. दादांची एकच अट आहे, तोंडावर पूर्ण लोखंडी जाळी बसवायची, पोर चढलं तरी आत जाऊ नये अशी, आणि सळई बारा एमएमच्या खाली नको. वेल्डिंगवाला परवा माप घ्यायला येतोय. बोअरचं दादा अजून काही बोलत नाहीत, पण गाडीवाल्याला त्यांनी अजून फोन केलेला नाही. मोटारघराचं छत गेलंय, ते पाडावंच लागेल. दार काढून घरात आणू, देवघराच्या बाजूच्या भिंतीला जागा आहे.

सकाळी दादांनी स्वतः टेप सोडली, घरचीच, टोकाला नट बांधून. बाणावरून 12.30 आलं. कठड्याची उंची मोजली, 0.95. म्हणजे 11.35. पाणी आहे अजून, दीड मीटरच्या आत. फेब्रुवारीचा रकाना दारावर नाही, म्हणून कडेला लिहिलं.

जुना टेपवाला

बरोबर केलंत. जाळीच्या तुमच्या दोन्ही अटी योग्य. फक्त वेल्डिंगवाल्याला सांगा, बाणाच्या बाजूला एक फूट बाय एक फुटाचं बिजागरीचं झाकण ठेव आणि त्याला कडी लाव. कुलपाची एक किल्ली घराबाहेर खुंटीवर राहू द्या, मार्चमध्ये टेपवाला येईल तेव्हा तुम्ही वावरात असालच असं नाही. आणि जाळी कठड्यात गाडताना बाणाच्या वर सिमेंट चढू देऊ नका. एक इंचही नको.